शोभाताईंना मी ‘सरळ या’ म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही—आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. एकदा तिच्यासमोर तोंड उघडलं होतं. मग भलतंच काहीतरी बोलून बसले. काय बोलले, तेही सांगणार आहे. पण ते आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही, म्हणून मागे ठेवते आहे. बघा, इथेसुद्धा मी सोय बघतेच आहे.

मी नागपुरात एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. रविवारी सकाळी सायकल चालवते. आमचा एक क्लब आहे. डॉक्टर, बँकवाले, दुकानदार, रिटायर झालेले लोक, चार-दोन कॉलेजची पोरं. काटोल नाक्यापाशी जमतो आणि कधी कळमेश्वरकडे, कधी कोराडीवरून खापरखेड्याकडे असं कुठेतरी जाऊन येतो. या क्लबात माझं एक नाव आहे. नवीन माणूस आला की त्याला माझ्याकडे पाठवतात. त्याच्या सायकलची सीट वरखाली करून देणं, तहान लागायच्या आधी पाणी पी म्हणून सांगणं, चढावर त्याच्या शेजारी राहून इकडच्या-तिकडच्या गप्पा मारणं—हे सगळं मी करते. मनापासून करते. गेल्या दिवाळीच्या फराळाला, क्लब चालवणारे आमचे ठवकर सर सगळ्यांसमोर म्हणाले, “आपल्या क्लबात नवीन माणूस टिकते, तो या मॅडममुळे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. आणि फराळाची ताटली उचलून मागे जाऊन उभी राहिले.

कारण मी अशी नव्हते. आणि अशी का झाले, ते त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नाही.

मी स्वतः क्लबात आले तेव्हा सगळ्यांत मागे असायचे. माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही. मी धापा टाकत चहाच्या टपरीवर पोचायचे तेव्हा बाकीचे कप ठेवून हेल्मेट चढवत असायचे. “आलात? चला मग, निघू.” मला चहाही मिळायचा नाही. घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलेली आहे, चाळिशीला टेकलेली बाई. हे सबब म्हणून सांगत नाही. उलटंच आहे. मागे पडलेल्या माणसाच्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर एक वेळ चाललं असतं, नाही का?

मग मी जिद्दीनं वेग वाढवला. रोज पहाटे एकटीनं फुटाळा तलावाला चकरा मारल्या. दुसऱ्या वर्षी पुढच्या टोळीच्या मागच्या चाकाला चिकटून राहता यायला लागलं. पुढची टोळी म्हणजे आमच्यातले पाच-सहा वेगवान लोक. भारी सायकली, काळे चष्मे, आपापसातच हसणारे. त्यांनी मला एकदा “मॅडम, भारी मारून राहिल्या आजकाल” म्हटलं, तर ते वाक्य मी आठवडाभर चघळत होते. हसू येतं ना? मलाही येतं. पण तेव्हा मला त्या टोळीत जायचं होतं—इतकं, की दुसरं काही दिसतच नव्हतं.

अशा दिवसांत शोभाताई आल्या.

पन्नाशी ओलांडलेल्या. नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होता, रिटायर झाल्यावर त्यांनी गोधनीला घर बांधलं. माहेर पारशिवनीकडचं, शेतीवाडीचं. वीज केंद्राच्या कॉलनीत असताना त्यांनी जन्मभर सायकल चालवली होती—बाजार, दळण, पोरांची शाळा. गोधनीला आल्यावर घरात बसून पाय आखडले म्हणून मुलीनं गिअरवाली लेडीज सायकल घेऊन दिली आणि क्लबचं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी त्या सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून, नवेकोरे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आल्या. पुढच्या टोपलीत डबा. सगळ्यांसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या. आणि आवाज असा, की नाक्यावरचे ऑटोवाले वळून पाहायला लागले.

“मॅडम, मी तुमच्याच मांगं मांगं येते हं. मले हे गिअर-बिअर काही समजून नाही राहिले.”

पुढच्या टोळीतल्या एकानं दुसऱ्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसला. मी ते पाहिलं. आणि मला—कसं सांगू—मला शोभाताईंची कीव आली नाही. मला स्वतःची लाज वाटली. त्यांच्याबरोबर दिसण्याची. आमचं घर जुन्या नागपुरातल्या महाल भागातलं, वडील सरकारी कचेरीत. घरात आम्हाला ‘मले-तुले’ बोलू दिलं जायचं नाही. बोललं की आई डोळे वटारायची. ती आईची नजर माझ्या डोळ्यांत आली असणार त्या क्षणी. शोभाताईंनी ती पाहिली का? माहीत नाही. त्या पुऱ्या वाटत होत्या.

आमच्यात जो सगळ्यांत मागे राहून शेवटच्या माणसाला सांभाळतो त्याला ‘शेपूट’ म्हणतात. त्या दिवशी ठवकर सरांनी मला शेपूट केलं. सर पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले, शिस्तीचे. “मॅडम, आज तुम्ही या ताईंसोबत राहा. पहिलाच दिवस आहे त्यांचा.” मी मान डोलावली. आतून जळत होते. त्या दिवशी कळमेश्वरच्या अलीकडच्या फाट्यावरून डावीकडे वळून तळ्यावर जायचं होतं, आणि पुढची टोळी तिथवर सायकली जोरात दामटणार होती. आणि मी शेपूट!

फेटरी गावापर्यंत मी त्यांच्यासोबत राहिले. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन लागायला लागलं होतं. शोभाताई बोलत होत्या. सून कशी गुणाची आहे, कॉलनीत झाडं किती होती, नवरा दिवसभर टीव्हीसमोर कसा बसतो. मध्येच दम लागून थांबायच्या, हसायच्या, परत बोलायच्या. त्या खूष होत्या. हे मला सांगायलाच हवं. इतकं खूष माणूस मी आमच्या क्लबात पाहिलं नव्हतं. “इतक्या वर्षांनं अशी मोकळी निंगाली मी घरातून,” म्हणाल्या. मी “हं” म्हटलं. माझं लक्ष पुढे होतं.

पुढच्या टोळीतल्या एकाची चेन उतरली म्हणून ते रस्त्याच्या कडेला थांबले होते. आम्ही पोचलो तेव्हा ते निघतच होते. त्यांच्यातला एक म्हणाला, “चला ना मॅडम आमच्यासोबत. येतील त्या हळूहळू.”

बस, इतकंच. इतक्यावर मी गेले.

जाता जाता शोभाताईंना म्हणाले, “तुम्ही या आरामात, आम्ही पुढे थांबतो.” त्यांनी मागून ओरडून विचारलं, “मॅडम, सरळच यायचं नं?”

आणि मी मान वळवून म्हणाले, “हो, सरळ या.”

बरेच महिने मी स्वतःला सांगत होते की मी घाईत होते, वळणाचं ध्यानात राहिलं नाही. कोणाचंही होऊ शकतं. पण असं घडलं नव्हतं. वळण मला पक्कं माहीत होतं. ‘सरळ या’ म्हणताना माझ्या मनात एक विचार आला होता, आणि तो मी आज जसाच्या तसा मांडते—ही सरळ गेली, तर तळ्यावर पोचणारच नाही. थोडं जाईल, कंटाळेल, परत फिरेल. पुढच्या रविवारी येणार नाही. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर डबा उघडून “मॅडम, मॅडम” करत माझ्याशेजारी बसणार नाही.

तो विचार किती वेळ टिकला? डोळ्याची पापणी लवते तेवढाच. पण होता. शब्द त्याच्यातून निघाले.

सरळ गेलेला तो रस्ता कारखान्यांकडे जातो. ट्रक, ट्रेलर, कोळशाच्या गाड्या. हेही मला माहीत होतं.

तळ्यापर्यंत मी पुढच्या टोळीबरोबर पोचले. मागे पडले नाही. सगळ्यांनी मला टाळी दिली. चहा आला. कोणीतरी काहीतरी विनोद केला, मी मोठ्यानं हसत होते. तेवढ्यात पाठीच्या खिशातला फोन थरथरला. काढून पाहिला. ‘शोभाताई नवीन’. सकाळीच नंबर घेतला होता, त्यांनीही माझा घेतला होता. पूर्ण क्लबात त्यांच्याजवळ नंबर फक्त माझा होता.

मी फोन परत खिशात ठेवला.

पुन्हा थरथरला. मी काढून पाहिलासुद्धा नाही. पाठीवर थरथरत राहिला आणि थांबला.

ठवकर सर जवळ आले. “त्या ताई कुठं आहेत?” मी म्हणाले, “येत आहेत मागून. फाट्यावर डावीकडे वळा म्हणून सांगितलंय.” बऱ्याच वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, “थकल्या होत्या, परत फिरल्या असतील.” “फोन करून पाहा ना.” मी फोन काढला, उगाच कानाला लावला. “लागत नाहीये, सर.”

तुम्ही म्हणाल, त्या क्षणी सांगायला काय हरकत होती? हो, काय होती? सायकल काढून कोणीही गेलं असतं, थोड्या वेळात त्यांना घेऊन आलं असतं. पण पहिलं खोटं बोलून झालं होतं, आणि पहिल्यामागून दुसरं इतक्या सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं.

शोभाताई सरळ गेल्या होत्या. आता दिसतील, मग दिसतील करत जात राहिल्या. मग घाबरून मला फोन केला. कुणी उचलला नाही म्हणून परत फिरायच्या विचारात होत्या, तेवढ्यात मागून ट्रेलरचा हॉर्न वाजला. त्या दचकून डांबरी रस्त्यावरून खाली उतरल्या, कडेच्या गिट्टीवरून चाक घसरलं आणि त्या डाव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. ट्रॅक्टर घेऊन जाणाऱ्या एका नवरा-बायकोनं त्यांना उचललं, सायकल ट्रॉलीत टाकली आणि कळमेश्वरच्या दवाखान्यात पोचवलं. हे सगळं दुपारी त्यांच्या मुलीकडून सरांना कळलं, सरांकडून मला. सरांनी विचारलं, “तुम्ही वळायचं नीट सांगितलं होतं नं, मॅडम?”

“दोनदा सांगितलं होतं, सर,” मी म्हणाले. “फोन सायलेंटवर राहिला माझा.”

ट्रेलर जरा अलीकडून गेला असता तर? हा प्रश्न मी वर्गात शिकवता शिकवता स्वतःला विचारते. फळ्याकडे तोंड असतं तेव्हा.

मी त्यांना भेटायला गेले नाही. परीक्षा आहेत म्हणाले.

काही रविवार गेले आणि शोभाताई काटोल नाक्यावर आल्या. ऑटोनं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. क्लबनं दिलेलं हेल्मेट परत करायला आल्या होत्या. सरांना त्यांची काळजी होतीच, पण सर रागावलेही होते. सगळ्यांसमोर बोलले. “ताई, असं करायचं नसते. सांगितलेल्या रस्त्यानं यायचं. समजलं नाही तर जागेवर थांबायचं. उद्या काही बरंवाईट झालं असतं तर आम्ही तुमच्या घरच्यायले काय तोंड दाखवलं असतं?”

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. बोलून टाका, सगळ्यांसमोर बोलून टाका. पण त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू माझंच काही नुकसान त्यांनी केलं होतं.

“मायंच चुकलं, सर,” त्या म्हणाल्या. “मॅडमनं बरोबर सांगतलं असन. मलेच नाही समजलं. मॅडम, तुमाले उगाच बोल लागला माह्यापायी.”

मी माझ्या हेल्मेटचा पट्टा घट्ट करत होते. तो आधीच घट्ट होता. “असू द्या हो,” मी म्हणाले. असू द्या! जणू काही मीच त्यांना माफ करत होते.

त्या परत कधी आल्या नाहीत. आणि तेव्हापासून मी ही अशी झाले. नवीन माणसाला एकटं न सोडणारी. क्लबनं नियमही केला—वळण आलं की पुढच्यानं थांबायचं आणि शेपूट वळेपर्यंत हलायचं नाही. नवीन लोकांना हा नियम मीच समजावून सांगते. “आमच्याकडे एकदा एका ताईंना नीट ऐकू आलं नाही, त्या भलतीकडे गेल्या,” असं सांगते. दर वेळी सांगते. आवाज अजिबात कापत नाही.

आता ते राहिलेलं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजातल्या क्लार्कच्या मुलीचं लग्न पारशिवनीला होतं. मांडवात जेवायला बसले आणि पाठीमागून तो आवाज आला. “अवं मॅडम! तुमी?” शोभाताई नवरीच्या चुलत आत्या निघाल्या. कडेवर नातू. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या पानात स्वतः वाढलं, घरच्या सगळ्यांची चौकशी केली. मी विचारलं, सायकल चालवता का? विचारायचं म्हणून विचारलं.

त्या हसल्या. “नाही वं बाई. देऊन टाकली भाचीले.” मग खुर्ची जवळ घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “तुमाले म्हणून सांगते, मॅडम. त्या दिवशी मले तुमचं बोलणं साफ ऐकू आलं होतं. ‘हो, सरळ या.’ असं साफ. अजूनही कानात आहे. अन् तुमी त म्हटलं होतं डावीकडे. दोनदा म्हटलं होतं, सरायनं सांगतलं नं. मंग जे कोणी बोललंच नाही, ते मले एवढं साफ कसं ऐकू आलं?”

मी पोळीचा तुकडा आणखी बारीक केला.

“डॉक्टरले दाखवलं. मुलीनं जबरदस्तीनं नेलं. तो म्हणे, आजी, कान एकदम चांगले आहेत तुमचे. पण त्याले काय माहीत? मले माहीत आहे नं काय झालं ते. आता मले मायाच कानाचा भरोसा नाही वाटत. स्वयंपाकघरात कुकर वाजला तरी सुनेले विचारते, खरंच वाजला का? या पोट्ट्याले घेऊन एकटी बाहेर निंगत नाही. मायं ऐकणं चुकलं अन् याले काही झालं त?”

तेव्हा मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, जिभेवर होते. ‘शोभाताई, तुम्ही बरोबर ऐकलं होतं.’ एवढंच वाक्य. त्यानं त्यांचे कान त्यांना परत मिळाले असते. शेजारी आमचे क्लार्क उभे होते, पलीकडे कॉलेजातल्या दोघी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग शोभाताईंकडे पाहिलं, आणि म्हणाले—

“जपलेलं बरं, शोभाताई. या वयात जपलेलंच बरं.”

त्यांनी मान हलवली. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं.

जेवण झाल्यावर त्या मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. गाडी रस्त्याच्या पलीकडे लावलेली होती. दुपारचं ऊन, रस्ता दोन्ही बाजूंनी दूरवर मोकळा. कडेला येऊन त्या थांबल्या. नातवाला छातीशी घट्ट धरलं. दोन्हीकडे पाहिलं, कान टवकारले, आणि तरीही हलल्या नाहीत.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “काही येऊन नाही राहिलं नं?”

“नाही,” मी म्हणाले. “चला.”

त्यांनी माझा हात पकडला आणि माझ्या भरवशावर रस्ता ओलांडला.